तळघरातली शिट्टी

शनिवार, २३ डिसेंबर २००६. ईडन प्रेरी

जावयाने आज घरात मढं आणलं. दोन मित्र, एक भाड्याचा ट्रक आणि भरपूर हुश्श-हुश्श करत कपाटाएवढं एक धूड बेसमेंटमध्ये उतरवलं. व्हिडिओ गेमचं मशीन. नाणं टाकायची फट, एक दांडी, दोन बटणं आणि काचेमागे काळाठिक्कर पडदा. सत्यजितच्या ऑफिसातल्या कुणाला जागा रिकामी करायची होती, याने उचलून आणलं. लहानपणी पुण्यात कॅम्पातल्या पार्लरमध्ये हाच खेळ खेळत होता म्हणे. बटण दाबलं की आतून ढिशुम-ढिशुम आवाज येतो, चित्र मात्र नाही.

"बाबा, मॉनिटर डेड आहे. काढून एलसीडी बसवू या का?"

मी म्हटलं, "हात लावू नकोस. तीस वर्षं मिरजेत मी दुसरं काय केलं?"

पाच आठवडे झाले इथे परदेशात, लेकीकडे येऊन. "चहा घेणार?" आणि "थंडी वाजते का?" याखेरीज मला कुणी काही विचारलं नव्हतं. आज कुणीतरी माझ्या कामाचं काही विचारलं, बरं वाटलं.

वही लेकीने, अस्मिताने दिली. मिरजेत रोज जेवताना दिवसभराची हकीकत मी नीलाला सांगायचो. कुणाचा टीव्ही आला, कुणाचा बिघडला नव्हताच, नुसती पिन निघाली होती. ती तव्यावरची पोळी उलटत "हं" म्हणायची. इथे "हं" म्हणायला कुणी नाही. म्हणून ही वही.

तिकिटं दोघांची काढली होती. निघायच्या पंधरा दिवस आधी तिची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं. नीलाने तिकीट कॅन्सल केलं आणि तासगावला भावाकडे जाऊन बसली. मी चिडलो. लेकीचं घर पाहायला दोघांनी मिळून जायचं असं चार वर्षं ठरवत होतो. एस.टी. स्टँडवर सोडायला आली तेव्हा म्हणालो, "तुझं माहेर तुला लखलाभ." तिने हातातली लाडवांची पिशवी दिली, आणि गाडी सुटली.

रविवार, २४ डिसेंबर

नीलाला फोन. सकाळी नऊला केला की तिथे रात्रीचे साडेआठ होतात. "आई बरी आहे" एवढं ती मोठ्याने म्हणाली ते कळलं. पुढे मी बर्फाचं सांगितलं, मशीनचं सांगितलं. पलीकडे नुसती खरखर. "ऐकतेयस ना?" तरी खरखर. थोडा वेळ थांबलो, मग "बरं, ठेवतो" म्हणालो.

फोनकार्ड भिकार आहे, हे एक. दुसरं म्हणजे मेहुण्याचा फोन बैठकीच्या खोलीत, तिथे चार माणसं कान टवकारून बसलेली, ती काय बोलणार! पण खरं कारण मला ठाऊक आहे. नीला भांडत नाही. राग आला की गप्प बसते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण सलग पाच आठवडे गप्प बसायची ही पहिलीच वेळ.

मंगळवार, २६ डिसेंबर

मढ्याची पाठ उघडली. एकोणीस इंची रंगीत ट्यूब, आमच्या टीव्हीसारखीच, फक्त डबा नाही. आत वीस वर्षांची धूळ आणि कुणाची तरी केसांची पिन.

माझे उस्ताद सांगायचे, आधी कान, मग डोळे, मग मीटर. जुना टीव्ही सुरू झाला की आतून एक बारीक शिट्टी ऐकू येते. गिऱ्हाइकाला जाणवतही नाही, पण मेकॅनिकसाठी तो पेशंटचा श्वास. शिट्टी असली की समजायचं, ईएचटी चालू आहे. ईएचटी म्हणजे ट्यूबला हजारो व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर; तो चालू असला की बिघाड दुसरीकडे शोधायचा. शिट्टी नसली की तिथेच हात घालायचा. माझ्या दुकानाच्या डाव्या भिंतीला शिंद्यांची पिठाची गिरणी. दिवसभर घरघर. त्या घरघरीतून मी शिट्टी वेगळी काढायचो. तंबोऱ्यांच्या गावचा माणूस कानाचा कच्चा असून कसं चालेल?

मशीन सुरू केलं, कान लावला. शिट्टी नाही. ट्यूबच्या मानेत नारिंगी उजेड दिसायला हवा, तोही नाही. रोगाचं निदान पाच मिनिटांत झालं, ईएचटी बंद. सत्यजित थक्क. "बाबा, नुसतं ऐकून?" म्हणाला. मीही जरा फुशारलो, खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, २९ डिसेंबर

या घरातल्या माणसांना भास होतात. छतावर आग लागल्याची सूचना देणारी एक पांढरी डबी आहे, ती म्हणे बॅटरी संपत आल्यामुळे मिनिटामिनिटाला चिवचिवते. अस्मिता वैतागलेली. मी म्हटलं, थांब, बघतो. स्टूल मांडून तिच्याखाली दहा मिनिटं उभा राहिलो. एकदाही वाजली नाही. खाली उतरून सांगितलं, ठीक आहे ती. अस्मिताने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि ऑफिसला गेली.

दुपारी वरण लागलं. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा, असं सांगून गेली होती. मी ओट्याशी बसून मोजत होतो, एकच झाली. करपल्याचा वास आला तेव्हा उठलो. इथले कुकरसुद्धा इथल्या माणसांसारखेच, तोंडातल्या तोंडात बोलतात.

रविवार, ७ जानेवारी २००७

सत्यजितने इंटरनेटवरून मागवलेलं सामान आलं. कपॅसिटर सगळे बदलले, मुख्य ट्रान्झिस्टर बदलला. सत्यजितचं मीटर खेळण्यातलं आहे, मोठे व्होल्ट मोजता येत नाहीत, पण पुढे जायला हवा तेवढा करंट जातोय. तरी शिट्टी नाही.

ट्यूबजवळ हात नेला की हातावरचे केस उभे राहतात. मिरजेत असतो तर म्हणालो असतो, आत जीव आहे. पण इथे या कोरड्या थंडीत काय उभं राहत नाही! दाराच्या मुठीला हात लावला तरी झटका, अस्मिताची शाल उचलली तरी केस ताठ. त्या केसांना काही अर्थ नाही.

मशीन बंद करून इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने ट्यूब रिकामी केली, म्हणजे आत साठलेली वीज काढून टाकली. आत व्होल्ट असले की चट् असा आवाज होतो. झाला नाही. म्हणजे मी म्हणतो तेच खरं.

अस्मिता आताशा खाली येतच नाही. पहिले दोन दिवस पायरीवर बसून गप्पा मारायची, लहानपणी दुकानात बसायची तशी. आता वरूनच हाक मारते आणि मी गेलो की तोंड पाडून असते. आईची बाजू घेतलीय, दुसरं काय.

नीलाचा फोन झाला. तिच्या आईने वॉकर धरून चार पावलं टाकली, हे तिने मोठ्याने सांगितलं. त्यापुढे नेहमीसारखं. मी दोनदा "हॅलो" म्हणालो आणि ठेवला.

रविवार, १४ जानेवारी. संक्रांत

सकाळपासून मनाशी घोकत होतो. माफ कर, हे शब्द आमच्या पिढीला यायचे नाहीत. पण आज संक्रांत. आज ज्याच्याशी वाकडं आहे त्यालाही तिळगूळ देता येतो, त्यासाठी वेगळं काही बोलावं लागत नाही. नवरा-बायकोत कुणी म्हणत नसेल, आम्ही म्हणायचो. पहिल्या संक्रांतीला ती हलव्याचे दागिने घालून बसली होती आणि मी हळूच तिच्या कानातला एक दाणा तोडून खाल्ला होता, तेव्हापासून.

नऊला फोन लावला. ओट्याशी अस्मिता लाडू वळत होती. तिच्यासमोर बोलायची लाज वाटली, तरी बोललो.

"नीला, तिळगूळ घे, गोड बोल."

पलीकडून उत्तर नाही. वाट पाहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. पन्नास सेकंद झाले. कार्डाची मिनिटं संपली की बोलणारी बाई मध्ये बोलली नाही, म्हणजे लाइन चालू होती. मी "बरं, ठेवतो" म्हणालो आणि फोन ठेवला.

वळलो तर अस्मिता लाडू तसाच हातात धरून माझ्याकडे बघत होती. "बाबा, तुम्ही खरंच ग्रेट आहात," म्हणाली आणि निघून गेली. कौतुकाने म्हणाली नाही, एवढं मला कळलं.

आज खूप आठवण येते आहे. तिची म्हणजे तिच्या आवाजाची. चेहऱ्याचा फोटो आहे पाकिटात, आवाजाचा कुठून आणू?

मंगळवार, १६ जानेवारी

सत्यजितला सांगून टाकलं, माझं तीन फेब्रुवारीचं परतीचं तिकीट पुढे ढकल. मे महिन्यापर्यंत राहता येतं, तितकं राहीन. पुढे वाढवूनही मिळतं म्हणतात. तो खूश झाला. ट्रॅव्हल एजंट बाईंना पंचवीस तारखेपर्यंत नक्की कळवायचं आहे.

तिथे जाऊन तरी काय करू? दुकानाचं शटर बंद. घराला कुलूप. घरवाली तासगावात, बोलायला तयार नाही. संक्रांतीला दिलेला तिळगूळ जिने घेतला नाही, तिच्या दारात बॅग घेऊन कुठल्या तोंडाने उभं राहायचं? इथे निदान मशीन आहे.

शनिवार, २० जानेवारी

ईएचटीसुद्धा नवा घातला. नवा, कोरा, डब्यातून काढलेला. मशीन लावलं, डोळे मिटले, कान लावला. काही नाही.

खाली फरशीवर बसून राहिलो. हे काम मी हजार वेळा केलंय. शेवटी कुठे चुकतोय हेच कळत नाही, म्हणजे हात गेले. हे लिहायला जड जातंय. दुकान बंद केलं ते गिऱ्हाईक गेलं म्हणून, असं सगळ्यांना सांगतो. हात आहेत, हा आधार होता.

सत्यजित म्हणाला, "जाऊ दे यार बाबा, सोडा." मला यार म्हणाला, ते लक्षात आल्यावर त्याने जीभ चावली. मला हसू आलं नाही.

बुधवार, २४ जानेवारी

आज सगळं सविस्तर लिहितो.

उद्या एजंट बाईंना कळवायचं, म्हणून आज सकाळी मशीनची पाठ बंद करून टाकावी असं ठरवलं. बंद करण्याआधी एकदा शेवटचं सुरू केलं. बर्फामुळे अस्मिता घरूनच काम करत होती. ड्रायरमधले कपडे घ्यायला ती खाली आली ती दोन्ही हात कानांवर दाबूनच.

"बाबा, प्लीज, ते आधी ऑफ करा!"

"का? काय झालं?"

"अहो ती शिट्टी! डोकं फिरायची वेळ आलीय माझी. तुम्ही हे उघडल्यापासून वरपर्यंत ऐकू येते. म्हणून तर मी खाली येत नाही. सत्यजितला ऐकू येत नाही, त्याचं बरंय."

"कसली शिट्टी?"

तिला वाटलं मी चेष्टा करतोय. "टीव्हीची. मी दुकानात कान झाकून बसायचे आणि तुम्ही हसायचात, ती. सेम."

मी म्हटलं, शिट्टी नाहीच आहे, महिनाभर तिच्याच मागे आहे मी. मग तिने हळूच स्पीकरची वायर काढली आणि मला म्हणाली, "भिंतीकडे तोंड करा." मी केलं. तिने बटण चालू-बंद करत पाच वेळा विचारलं, "आता चालू की बंद?" मी तीनदा चुकलो. दोनदा बरोबर आलो तो नुसता अंदाज होता.

मग ती माझ्या मागे उभी राहिली आणि कानाशी बोटं चोळली. उजव्या कानाला पानं चुरगाळल्यासारखं ऐकू आलं. "आता दुसरा," म्हणाली. मी वाट पाहत होतो, कधी सुरू करते याची. "बाबा, मी कधीची चोळतेय."

डावा कान. गिरणीच्या बाजूचा. उजवाही बारीक शिट्टीपुरता वयाने उतरलेला असणार.

गंमत म्हणजे त्या क्षणी मला माझं दुःख सुचलं नाही, मशीन सुचलं. शिट्टी आहे, म्हणजे ईएचटी पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे, तोच मानेतला दिवा पेटवायला व्होल्ट देतो, म्हणजे व्होल्ट आहेत पण दिव्यापर्यंत पोहोचत नाहीत. ट्यूबच्या मानेवर सर्किटची जी छोटी पाटी खोचलेली असते ती काढली, चष्मा कपाळावर चढवून पाहिली. एका पिनेभोवती केसासारखी गोल भेग होती. सोल्डरचा एक डाग दिला. एक मिनिटाचं काम. मशीन लावलं, मानेत नारिंगी उजेड आला, आणि पडद्यावर काळ्या आभाळात रंगीत किडे ओळीने उतरायला लागले.

अस्मिताने टाळ्या वाजवल्या. हात गेलेले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी दुसराच हिशेब करत होतो. छतावरची डबी. कुकर. ट्यूब रिकामी करतानाचा चट्. आणि फोन मी कायम डाव्या कानाला धरतो, दुकानातली सवय, उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न असायचं.

विचारायला धीर होईना. शेवटी विचारलं. "अस्मिता, संक्रांतीला तू ओट्याशी होतीस. आई काही बोलली होती?"

"म्हणजे?" तिचा चेहराच बदलला. "बोलली म्हणजे काय! केवढं बोलत होती. मला लांबून शब्द कळत नव्हते, पण आवाज येत होता. ती मध्येच बोलत असताना तुम्ही 'बरं, ठेवतो' म्हणालात. दर रविवारी तेच करता. मला इतका राग आला होता तुमचा."

मी मशीनसमोरच्या उंच स्टुलावर बसलो. अस्मिताने माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही दोघं त्या किड्यांकडे बघत बसलो.

संध्याकाळी आठला तिथे उद्याची सकाळ, साडेसात. कॅलेंडरवर पाहिलं, तिथे रथसप्तमी. तिळगूळ द्यायचा शेवटचा दिवस. रविवारची वाट न बघता फोन लावला. रिसीव्हर उजव्या कानाला धरला. हातात कसातरीच वाटत होता, दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखा.

"नीला, मी बोलतोय. माझा डावा कान गेलाय. आज कळलं. संक्रांतीला तू काय म्हणालीस ते मला ऐकू आलं नाही. आधीच्या रविवारीही धड काही आलं नाही."

पलीकडे शांत. पण ही शांतता निराळी होती. तिच्यात कावळा ओरडत होता, कुणीतरी हंडा भरत होतं. ती खरोखरच गप्प होती.

मग म्हणाली, "आता परत सांगू होय?"

तोच आवाज. जरा बसका, शेवटी किंचित वर जाणारा. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आलं म्हणून लिहितो.

"सांग."

"तिळगूळ घ्या, गोड बोला, म्हटलं. आणि कधी येताय, म्हटलं. दर रविवारी विचारतेय. आई म्हणाली, जावईबापू रागावले असतील, तू आलीस इकडे म्हणून. तुम्ही आपले बरं, ठेवतो. बरं, ठेवतो! संक्रांतीला म्हटलं, मला करमत नाही तुमच्याशिवाय. अडतीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं, वहिनीसमोर. आणि तुम्ही फोन ठेवलात!"

"मी स्टँडवर जे बोललो ते—"

"ते ऐकू आलं होतं मला. माझे कान चांगले आहेत."

मग तिने मला झाडायला घेतलं. स्टँडपासून सुरुवात केली, मफलर विसरून गेलो त्यावर आली, गिरणी बंद असेल तेव्हाच दुकान उघडा असं ती पंचवीस वर्षांपूर्वी म्हणाली होती तिथपर्यंत मागे गेली. इतकी बोलणी मी उभ्या आयुष्यात खाल्ली नव्हती. एकही शब्द वाया जाऊ दिला नाही.

तीन फेब्रुवारीचं तिकीट तसंच ठेवायला सत्यजितला खुणेने सांगितलं. तो हसला. हातासरशी छतावरच्या डबीची महिनाभर राहून गेलेली बॅटरी बदलायला स्टूल घेऊन निघाला.

"मी तीनला निघतोय," मी नीलाला म्हणालो. "सरळ तासगावला येतो. आईंना दोघं मिळून मिरजेला नेऊ. आपल्या घरी जिना नाही, त्यांना चालायला बरं."

ती काही बोलायच्या आत मागून कुणीतरी हाक मारली. "अहो थांबा," ती म्हणाली, "अंगणात रथसप्तमीचं दूध ठेवलंय, उतू जायला आलंय. आज उतू जायलाच हवं, पण बघायला तर हवं. ठेवू नका हं. ठेवाल तर बघा."

मी थांबलो. कार्डाची मिनिटं जात होती. तिच्या पावलांचा आवाज लांब गेला, भाच्या ओरडल्या, कुणी पळी वाजवली. मी उजवा कान रिसीव्हरला दाबून धरला आणि अंगण ऐकत राहिलो. मग पावलं परत आली.

"आहात ना?"

"आहे," मी म्हणालो. "तू बोल."